पहिला जिना

३ फेब्रुवारी

शाळेत असताना डायरी लिहायचो, मग ते खूळ सुटलं. आज पुन्हा वही उघडली, कारण ऑफिसात जे बोलता येत नाही ते कुठेतरी ओकायला हवं.

मालकाने आज सगळ्यांना उभं करून सांगितलं. मालक म्हणजे माझा कॉलेजातला मित्र, पण कंपनी त्याची, म्हणून आम्ही चौदाही जण त्याला मालकच म्हणतो. जुन्या सिनेमांतला तो गाजलेला हवालदार, त्याच्या तीन सिनेमांवरून आम्ही तीन वर्षं जो गोळीबाराचा गेम बनवतोय, तो १८ एप्रिलला बाजारात येणार. पहिल्या पंधरवड्यात चालला तर सिनेमावाले पुढचे दोन गेमही आम्हालाच देणार. नाही चालला तर कंपनीला कुलूप. "मधलं काही नाही," मालक म्हणाला.

माझं काम तोल सांभाळायचं. गुंड किती गोळ्यांत पडतो, खेळणारा किती गोळ्यांत मरतो, कुठल्या वळणावर किती गुंड दबा धरून बसलेत, हे सगळं मी ठरवतो. बाकीचे चित्रं काढतात, आवाज भरतात, मी मीठ घालतो. गेम अळणी झाला किंवा खारट झाला तर बोल मलाच लागणार.

६ फेब्रुवारी

सिनेमावाल्या बाईंनी गेमची बलस्थानं आणि उणिवा लिहून मागितल्या आहेत. 'प्रामाणिकपणे' या शब्दाखाली रेघ मारून.

बलस्थानं दहा मिनिटांत झाली. सिनेमातली सात मजली इमारत हुबेहूब उतरली आहे. बंदुकीचा दणका तळहातात जाणवतो. हवालदाराचा आवाज त्याच नटाचा आहे, आणि म्हातारपणी त्या आवाजाला आणखी धार आली आहे. उणिवांपाशी पेन अडलं. बराच वेळ विचार करून लिहिलं की गुंडांचे चेहरे चारच आहेत, तिसऱ्या सिनेमाची गोष्ट आम्ही घाईघाईने उरकली आहे, आणि लिफ्टच्या दारात माणूस कधी कधी अडकतो. पुन्हा वाचून पाहिलं, सगळं खरं होतं. स्वतःच्या कामाबद्दल इतकं परखड लिहिणारा माणूस या ऑफिसात दुसरा नसेल.

८ फेब्रुवारी

नियम मोडला. सामानाच्या खोलीतलं गेम खेळायचं एक मशीन गुपचूप घरी आणलं.

बाहेरच्या कुणालाही गेम दाखवायला सिनेमावाल्यांची बंदी आहे. शेवट बदललाय, तो फुटेल म्हणून. त्यामुळे गेम खेळून तपासायचं कामही आमचं आम्हीच करतो. पण बाबा काही बाहेरचे नव्हेत. बाबा थिएटरात प्रोजेक्टर चालवायचे. हवालदाराचा पहिला सिनेमा बावीस आठवडे त्यांनीच चालवला, रोजचे तीन खेळ. थिएटर बंद पडल्यावर त्यांनी घरातच खिडकीपाशी टेबल टाकलं आणि मनगटी घड्याळं दुरुस्त करायला लागले. त्यालाही आता सोळा वर्षं होतील. आई गेल्यावर तर ते टेबल हेच त्यांचं घर झालं.

कंट्रोलर हातात दिला. बाबा त्याला रिमोट म्हणतात. पहिल्या जिन्यावर पाच सेकंदांत मेले. परत गेले, परत मेले. मला हसू आवरेना. म्हटलं, "अहो बाबा, पहिला जिना म्हणजे पोरखेळ आहे. शेंबडं पोरसुद्धा पार करेल." आणि चहाचा कप मांडीवर ठेवून, थेंबही न सांडता, करून दाखवला.

बाबा बघतच राहिले. "हात काय चालतो रे तुझा!" म्हणाले. हे वाक्य लहानपणापासून मी लोकांच्या तोंडून त्यांच्याबद्दल ऐकत आलोय. आज ते माझ्याबद्दल म्हणाले. फार बरं वाटलं.

११ फेब्रुवारी

जेवताना बाबा म्हणाले, "सिनेमात त्या जिन्यावर हवालदार चार मिनिटं नुसता उभा असतो. वरून पावलं वाजतात. आणि गोळी सुटते ती एकच. तू केवढी माणसं आणून ठेवलीस रे!"

मी समजावलं की सिनेमात माणूस तिकीट काढून बसलेला असतो. गेममध्ये चार मिनिटं काही घडलं नाही तर तो उठून जाईल.

"बावीस आठवड्यांत कुणी उठून गेलं नाही," बाबा म्हणाले.

जुन्या माणसांशी वाद घालण्यात अर्थ नाही. जिन्यावर अठरा गुंड आहेत. आधी बारा होते, पण ऑफिसात सगळ्यांना हातचा मळ वाटायला लागला, म्हणून मी वाढवले.

१९ फेब्रुवारी

ऑफिसात एक नवी मुलगी आली आहे. कोण कुठे अडकतं, कुठे मरतं याचे आकडे ती बघणार. सगळे तिला 'नवी' म्हणायला लागलेत. आज दबकत दबकत म्हणाली, "सर, मला पहिला जिनाच पार होत नाही. सोप्या पातळीवर ठेवूनसुद्धा."

हशा पिकला. चित्रकार म्हणाला, "होईल गं सवय. आम्हीही रडलोय."

५ मार्च

नवीने आज जिना पार केला! टाळ्या वाजवल्या आम्ही. मी म्हटलं, "बघ, नव्या माणसाची तक्रार पंधरा दिवसांत आपोआप बरी होते." तर म्हणते, "हो सर, पण विकत घेणारा पंधरा दिवस थांबेल का?" हुशार आहे पोरगी, पण जिभेला हाड नाही.

घरी आल्यावर बाबांना विचारलं, गेम कसा चाललाय. "छान आहे रे. ते खालचं दार उघडतं ना, त्याची करकर अगदी सिनेमातली. आणि खालून सातव्या पायरीचा टवका उडालेला आहे, तोसुद्धा सोडला नाही तुम्ही." कुठवर पोचलात म्हटलं, तर म्हणाले, "चाललंय हळूहळू."

चित्रकाराला फोन करून सांगितलं. त्याला गहिवरून आलं. वर सहा मजले आगीचे लोळ, स्फोट, काय काय केलंय आम्ही, आणि बाबांनी टिपला तो पायरीचा टवका. याला म्हणतात रसिक.

१२ मार्च

ताईचा फोन. "बाबांचा आवाज पडलेला वाटला रे. काही बिनसलंय का?" म्हटलं, काही नाही, दुपारभर गेम खेळतात, मजेत आहेत. ताईला लांबून फार दिसतं.

बाबा या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. चष्म्याचा नंबर आहे तोच आहे म्हणे. मग कुणालाही न सांगता नसांच्या डॉक्टरकडेही गेले. त्याने हात पुढे धरायला लावले, बोटं मोजायला लावली, आणि ठणठणीत आहात म्हणून परत पाठवलं. "कशाला गेलात?" विचारलं तर म्हणाले, "सहज. या वयात दाखवून घेतलेलं बरं." मी किती वर्षं मागे लागलो होतो, तेव्हा हलले नाहीत. आता आपणहून शहाणपण सुचतंय तर उत्तमच.

२० मार्च

नवीने आज ठिपक्यांचा नकाशा दाखवला. खेळणारा जिथे मरतो तिथे नकाशावर लाल ठिपका पडतो, कुठलंही मशीन असो. आमच्या चौदा मशीनचे ठिपके सगळ्या इमारतभर छान विखुरलेत. पण पंधराव्या एका मशीनचे ठिपके पहिल्या जिन्यावरच, खालून सातव्या पायरीपाशी, एकावर एक. तीन हजारांच्या वर. त्यापुढे एकही नाही.

"रोज दुपारी दोन ते पाच," नवी म्हणाली. "एका दिवसाचाही खाडा नाही, सर. कोण आहे हा?"

मी म्हटलं, कोणी नाही. आपोआप खेळणारी चाचणी कुठल्या तरी मशीनवर लावून ठेवली असेल, ती अडकली असणार. जिवंत माणूस एकाच पायरीवर तीन हजार वेळा कशाला मरेल? काढून टाक ते आकड्यांतून.

तिने काढलं. सरासरी अशी देखणी आली की मालकही खूश. जिन्यावर चार खेळांत एखादंच मरण. फारच सोपं वाटलं, म्हणून गुंड वीस केले.

२९ मार्च

घरी आलो तर खिडकी मोकळी. टेबल रिकामं. भिंग, चिमटे, बारीक पेचकस, सुट्या काट्यांच्या डब्या, सगळं बाबांनी बाजारातल्या घड्याळवाल्याला देऊन टाकलं. गिऱ्हाइकांची तीन घड्याळं न उघडताच परत केली. "पुरे झालं आता," म्हणाले.

मला तर आनंदच झाला. डोळे फोडून घेऊ नका, आराम करा, हे मी कधीचं सांगतोय. गेमही बंद केलाय म्हणे. मी टेबल भिंतीला लावून टाकलं, खोली केवढी मोठी दिसायला लागली.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "तू विचारलंस का, का दिलं ते?" यात विचारायचं काय?

१७ एप्रिल

उद्या. मालकाने सगळ्यांना मिठी मारली. असं तो कधी करत नाही.

१८ एप्रिल

पहिल्या तीन तासांत अपेक्षेच्या दुप्पट लोकांनी घेतला. हवालदाराची पुण्याई. ऑफिसात नाच चाललाय, मी एका कोपऱ्यात बसून हे लिहितोय.

२१ एप्रिल

परीक्षणं आली. एका जाणकाराने आमच्यासारखीच बलस्थानं आणि उणिवा अशी मांडणी केली आहे. बलस्थानं आम्ही लिहिली तीच, शब्दन् शब्द. उणिवांत मात्र ना चेहरे, ना लिफ्ट. एकच वाक्य: 'हा गेम ज्यांनी बनवला त्यांच्यासाठीच बनवला आहे.'

एका ग्रंथपाल बाईंनी लिहिलंय, 'मी आयुष्यात कधी गेम खेळले नाही. हवालदाराला पुन्हा भेटायचं म्हणून घेतला. त्याने मला दारातूनच हाकललं.' अशी पत्रं शेकड्याने आहेत. मला संताप आला. दोन दिवस सराव करायला काय धाड भरली होती? मालकाला तसं म्हणालोही.

२३ एप्रिल

आजचा दिवस लिहायला हात उठत नाही. तरी लिहितो.

सकाळी नवी आकडे घेऊन आली. विकत घेणाऱ्या शंभरातल्या चौसष्ट जणांनी पहिला जिना कधी पार केलाच नाही. बहुतेकांनी गेम परत केला. तिने नकाशा उघडला. वरचे सहा मजले जवळजवळ कोरे, आणि जिन्यावर, खालून सातव्या पायरीपाशी, लालभडक.

"हे मी आधी पाहिलंय," मी म्हणालो.

"हो सर," नवी म्हणाली. "पंधराव्या मशीनवर."

चौदा मशीन ऑफिसात. पंधरावं आमच्या खिडकीशेजारी. दुपारी दोन ते पाच मी ऑफिसात असतो आणि घरी बाबा एकटे असतात. तो टवका त्यांना का दिसला ते मला तेव्हा कळलं. त्या पायरीच्या वरचं त्यांनी काही पाहिलंच नव्हतं.

संडासात जाऊन कडी लावली आणि रडलो. चौसष्ट टक्क्यांसाठी नाही रडलो. संपूर्ण ऑफिसात एकच माणूस आम्हाला खरं सांगत होता, दीड महिना, रोज तीन तास, आणि मी त्याला आकड्यांतून काढून टाकलं.

२४ एप्रिल

मशीनमध्ये पाहिलं. चार हजार बारा. शेवटचा ठिपका २८ मार्चचा. २९ला त्यांनी सामान देऊन टाकलं.

"बाबा, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं?" बाबा म्हणाले. "तू म्हणालास, शेंबडं पोर करेल. मी म्हटलं बघू. पहिल्या आठवड्यात वाटलं सवय नाही. मग वाटलं डोळे गेले. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, ठीक आहेत. मग वाटलं बोटं. तो दुसराही म्हणाला, ठीक आहेत. आता डॉक्टर कशाला म्हाताऱ्याला तोंडावर सांगेल? तुझं मशीन बरं, ते तरी तोंडदेखलं बोलत नाही."

मी त्यांचे दोन्ही हात धरले. चौसष्ट टक्के लोकांचं सांगितलं, नवीचं सांगितलं, अठराचे वीस कसे केले ते सांगितलं. चूक माझी होती, तुमचे हात ठणठणीत आहेत, असं दहा वेळा म्हटलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"लोकांची घड्याळं आहेत रे," ते म्हणाले. "कुणाच्या बापाचं, कुणाच्या नवऱ्याचं. हातून एखादं चक्र वाकलं तर कुठून आणून देऊ? त्यापेक्षा वेळेवर थांबलो ते बरं."

"पण थांबायचं कारणच नव्हतं!"

"बरं," बाबा म्हणाले. मी परीक्षेत नापास झालो की पेपरच कठीण होता असं सांगायचो, तेव्हा ते असंच 'बरं' म्हणायचे.

३० एप्रिल

पाच दिवस नवी आणि मी जिन्याला चिकटलो होतो. विसाचे सहा गुंड केले. शेवटच्या क्षणी मी आणखी कमी केले, तीन. आणि त्यांच्या आधी दीड मिनिट नुसती पावलं. आज तो अपडेट सगळ्यांकडे गेला.

घरी धावत आलो. बाबांना बळेच बसवलं. पहिल्याच झटक्यात जिना पार करून ते दुसऱ्या मजल्यावर पोचले! मी ओरडलो, उड्या मारल्या. "बघितलंत? बघितलंत?"

बाबांनी कंट्रोलर खाली ठेवला. "सोपं केलंस."

"सगळ्यांसाठी केलंय, बाबा."

"हो रे. माहीत आहे मला." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "गुणाचा आहेस. पण एवढं करायला नको होतं माझ्यासाठी."

गेम अवघड होता याचा एकुलता एक पुरावा तो जिना होता, आणि तो मीच पुसून टाकला. आता मी काहीही म्हटलं तरी त्यांना ते औषधावरच्या साखरेसारखंच लागणार.

३ मे

कुलूप. पंधरवडा काल संपला. अपडेटनंतर जे खेळले ते स्तुती करतायत, पण ते मूठभर. गेलेले परत आले नाहीत. एकदा तोंडावर दार लावलेल्या घरी कोण पुन्हा जातं?

मालकाने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. उलट म्हणाला, "आपण सगळेच तीन वर्षांत इतके तरबेज झालो की आपल्यातला प्रेक्षकच मेला." चित्रकार खोक्यात कुंड्या भरत होता. नवी सगळ्यांच्या शेवटी निघाली. तिला म्हटलं, "तुझं ऐकायला हवं होतं." ती म्हणाली, "नंतर मलाही सोपंच वाटायला लागलं होतं, सर."

६ मे

बाजारातल्या घड्याळवाल्याकडे गेलो. मी काही बोलायच्या आत त्याने बाबांच्या सामानाची पेटी काढून पुढ्यात ठेवली. "वापरलं नाही मी काही. असा हात पुन्हा होणे नाही. त्यांनी का सोडलं हो?" मी पेटी उचलली आणि निघालो.

पेटी टेबलावर आणून ठेवली. बाबांनी तिच्यावरून फडकं फिरवलं आणि उचलून कपाटावर ठेवली. ताईला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "आता त्यांना सोडून कुठे जाऊ नकोस." जायला आहे कुठे मला? नोकरी शोधायला हवी. पण सकाळी उठावंसंच वाटत नाही. समोरच्या भिंतीकडे बघत तास जातात, आणि शेजारच्या खोलीत बाबाही तसेच बसलेले असतात. दोघं एकमेकांना चहा विचारतो.

११ मे

दुपारी बेल वाजली. पलीकडच्या इमारतीतल्या निवृत्त नर्सबाई. हातात रुमालात गुंडाळलेलं घड्याळ. यजमानांचं, म्हणाल्या. ते गेल्यापासून रोज चावी देत होत्या, परवापासून चालत नाही. तीन दुकानांत दाखवलं, सगळे म्हणतात जुनं झालं, टाकून द्या. "तुम्ही बघा ना एकदा."

बाबांनी घड्याळ हातात घेतलं. कानाला लावलं. मागच्या झाकणावरून अंगठा फिरवला, आणि मला दिसलं, त्यांना कळलं होतं काय बिघडलंय. बोटं जराही थरथरत नव्हती.

मग त्यांनी ते बाईंच्या हातात परत ठेवलं. "हात राहिला नाही हो आता. उगाच तुमची वस्तू खराब व्हायची."

"खोटं आहे!" मी केवढ्याने ओरडलो. "काही झालेलं नाही त्यांच्या हातांना! डॉक्टरांनी सांगितलंय. चूक माझी होती, त्यांची नाही. बाबा, उघडा ना ते घड्याळ. एकदा उघडा."

बाई दचकून माझ्याकडे बघायला लागल्या, मग बाबांकडे. बाबा त्यांच्याकडे बघून ओशाळं हसले.

"मुलगा आहे," ते म्हणाले. "तो असंच म्हणणार."

बाईंना ते पटलं. त्यांनी समजुतीने मान हलवली, घड्याळ पुन्हा रुमालात गुंडाळलं आणि त्या गेल्या.